वर्गातल्या वायफायचं बटण कुणाच्या हाती?

सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षिका म्हणतात, "फोन काढा, फॉर्म उघडा." पुढच्या दहा सेकंदांत सत्तर फोन एकदम कामाला लागतात. चित्रं आणि लॉगिनचं पान धरून एक फॉर्म उघडायला अर्धा मेगाबाइट लागतो असं समजू. सत्तरांचे पस्तीस मेगाबाइट, म्हणजे २८० मेगाबिट (एका बाइटचे आठ बिट). ते दहा सेकंदांत उतरायचे तर सेकंदाला २८ मेगाबिट पुरतात. महाविद्यालयाची लाइन सेकंदाला १०० मेगाबिटची आहे, तेव्हा हिशेब सहज बसायला हवा. तरी मागच्या बाकांवरून हात वर होतात: "मॅडम, नुसतं गोल फिरतंय." पाच मिनिटं जातात, मग दहा. शेवटी फॉर्म राहतो आणि तास पुढे सरकतो. त्या दिवसानंतर त्या शिक्षिका वर्गात वायफाय वापरायचं नाव काढत नाहीत, आणि त्यांचं काही चुकतंय असं म्हणता येत नाही.

वर्गात वायफाय असावं की नसावं, या वादात दोन्ही बाजूंची बरीचशी मतं अशा बिघडलेल्या तासांवर बेतलेली असतात. म्हणून आधी तो तास का बिघडला ते समजून घेऊ.

दोष बहुतेक वेळा लाइनचा नसतो, हवेचा असतो. वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं, मग तो ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) असो की एखादा फोन. बाकीच्यांनी थांबायचं. (वायफाय ६ या नव्या पिढीत एकाच क्षणी काही जणांना वाटून देण्याची सोय आहे, पण वर्गातले निम्मे फोन जुने असले की ती सोय निम्मीच उरते.) त्यात भर म्हणजे प्रत्येक फोनचा वेग वेगळा. जवळच्या फोनला सेकंदाला १३० मेगाबिट मिळत असतील आणि शेवटच्या बाकावरच्याला साडेसहा, तर तेच पान उतरवायला शेवटचा फोन वीसपट वेळ हवा अडवून ठेवतो. तेवढा वेळ बाकीचे एकोणसत्तर थांबून राहतात. एका विद्यार्थ्याची रेंज वाईट असली की ती साऱ्या वर्गाला भोवते.

आणि शेवटच्या बाकाची रेंज वाईट का, तर ॲक्सेस पॉइंट व्हरांड्यात लावलेला असतो. केबल टाकायला व्हरांडा सोपा, वर्ग चालू असतानाही काम करता येतं, आणि एका यंत्रात दोन वर्ग भागतील असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात लांब सरळ व्हरांड्यात ओळीने लावलेली यंत्रं एकमेकांना स्वच्छ ऐकू येतात आणि एकाच चॅनेलवर असली की एकमेकांसाठी थांबत राहतात. ज्यांच्यासाठी ती लावली त्या मुलांपर्यंत मात्र सिग्नल भिंत ओलांडून येतो. पुण्या-मुंबईच्या जुन्या दगडी इमारतींत त्या भिंती दीड-दोन फुटांच्या असतात. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडचा सिग्नल तिथे जवळजवळ संपतोच. फोन मग २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या बँडवर उतरतो. तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्याच तीन चॅनेलांवर शेजारची वसतिगृहं, दुकानं आणि मुलांचे स्वतःचे हॉटस्पॉटही असतात.

वर्गात नीट वायफाय हवं असेल तर यंत्र वर्गाच्या आत हवं. साठ-सत्तर मुलांच्या प्रत्येक खोलीत एक, छताला किंवा भिंतीवर दहा-अकरा फुटांवर, लोखंडी कपाट आणि बीम यांच्या आडोशाला न जाता. शेजारच्या प्रत्येक खोलीला ५ गिगाहर्ट्झमधला वेगळा चॅनेल द्यावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ८० ठेवली की एका फोनवर घेतलेल्या स्पीड टेस्टचा आकडा मोठा दिसतो, पण पूर्ण मजल्याला पुरतील इतके वेगळे चॅनेल उरत नाहीत. भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये या बँडमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. त्यामुळे २० मेगाहर्ट्झचे वीसहून जास्त चॅनेल हाताशी आहेत. त्यातल्या काहींवर रडारला वाट द्यावी लागते, म्हणून विमानतळ किंवा बंदराजवळच्या महाविद्यालयांनी ते जपून घ्यावेत. २.४ चा रेडिओ दर तीन खोल्यांपैकी दोन खोल्यांत सरळ बंद करावा.

यंत्राच्या सिग्नलची ताकद वाढवणं हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा उपाय आहे. यंत्र मोठ्याने बोललं तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनवर पूर्ण काड्या दिसतात, पण त्याचं उत्तर यंत्रापर्यंत पोचत नाही. शिवाय मुलगा खाली प्रयोगशाळेत गेला तरी त्याचा फोन वरच्या मजल्यावरच्या यंत्राला चिकटून राहतो. १२ ते १५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) एवढी ताकद वर्गाला पुरते. शेवटच्या बाकावर उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल मिळतोय का, ते फोनवरच्या साध्या ॲनालायझर ॲपने पाहता येतं. पण ते पाहायचं वर्ग भरलेला असताना. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, ते सिग्नल शोषून घेतं. रिकाम्या खोलीत चाचणी घेऊन बिल मंजूर झालेलं वायफाय जूनमध्ये वर्ग भरले की कोसळतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

आणखी एक जागा, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. कर्मचारी, विद्यार्थी, पाहुणे, परीक्षा विभाग, असं करत नेटवर्कची पाच-सहा नावं तयार होतात. प्रत्येक नाव प्रत्येक यंत्रावरून सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारलं जातं, आणि तेही सर्वांत कमी वेगाने. सर्वांत कमी वेग १ मेगाबिट ठेवलेला असेल तर एका नावाचा पुकारा चॅनेलचा सुमारे अडीच टक्के वेळ खातो. चार नावं आणि एकमेकांना ऐकू येणारी पाच यंत्रं असली की एकही पान न उघडता निम्मी हवा गेली. नावं दोनच ठेवावीत, ११ मेगाबिटपर्यंतचे जुने वेग बंद करावेत, किमान वेग १२ ठेवावा. याला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

केबलचंही सांगायला हवं. बाजारात कॅट ६ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते. या केबलमधूनच यंत्राला वीज जाते, नव्या यंत्रांना अशी ३० वॅटची वीज (पीओई) लागते, आणि अशा केबलवर साठ-सत्तर मीटरनंतर व्होल्टेज इतकं पडतं की भार वाढताच यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं. तक्रार मात्र "दुपारी नेट जातं" अशी येते, आणि दोष इंटरनेट देणाऱ्या कंपनीवर जातो. शुद्ध तांब्याची केबल, ९० मीटरच्या आत, आणि प्रत्येक मजल्यावरच्या स्विचला यूपीएस, एवढं निविदेत लिहून घ्यावं. वीज क्षणभर जरी गेली तरी यंत्र पुन्हा उभं राहायला तीन-चार मिनिटं लागतात. तासात ती तीन-चार मिनिटं फार मोठी असतात.

एवढं सगळं केलं, आता ते हवं कशासाठी?

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण रिचार्ज संपलेला विद्यार्थी हे आहे. जिओ २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आलं तेव्हापासून नेट सगळ्यांच्या खिशात आहे असं आपण धरून चालतो. पण रोजचे दीड-दोन जीबी सगळ्यांकडे सारखे नसतात. ज्या घरात एकच फोन दोघा भावंडांत आहे, ज्या मुलीचा पॅक महिन्याच्या विसाव्या दिवशी संपतो, तिच्यासाठी शिक्षकाचं "फोनवर बघा" हे वाक्य वर्गातून बाहेर काढणारं ठरतं. आणि सह्याद्रीच्या कुशीत, खोलगट गावांत, दगडी इमारतींच्या तळमजल्यावर पॅक असूनही रेंज नसते. वर्गातलं वायफाय हा फरक त्या एका तासापुरता तरी पुसतं.

दुसरं, दृष्टी अधू असलेला विद्यार्थी फळ्यावरचं स्लाइड स्वतःच्या पडद्यावर मोठं करून वाचू शकतो. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थिनीला शिक्षकाचं बोलणं मराठी अक्षरांत उमटवणारं ॲप वापरता येतं. वर्गात फोनबंदीचा नियम करताना या मुलांचा विचार नियमातच लिहून ठेवावा. नाहीतर दर तासाला त्यांनी हात वर करून परवानगी मागायची, आणि दर तासाला साऱ्या वर्गासमोर वेगळं ठरायचं.

तिसरं, काही विषय वायफायने खरोखर बदलतात. संख्याशास्त्राच्या तासाला जनगणनेचे आपल्या तालुक्याचे आकडे उतरवून त्यावर तिथेच काम करणं, भूगोलाला उपग्रहाच्या प्रतिमेत आपलंच धरण दोन वेगवेगळ्या वर्षांत पाहणं, मराठीच्या तासाला विश्वकोशातली नोंद आणि पाठ्यपुस्तकातला उतारा शेजारी ठेवून वाचणं. जिथे उपकरणं नाहीत तिथे व्हर्च्युअल लॅब्ज या ऑनलाइन प्रयोगशाळेतला प्रयोग, इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-ग्रंथालयातली नियतकालिकं, स्वयम या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरची व्याख्यानं. हे सगळं फुकट किंवा जवळजवळ फुकट उपलब्ध आहे, आणि बऱ्याच महाविद्यालयांत ग्रंथालयातल्या चार संगणकांपुरतं अडकून आहे.

व्हिडिओ मात्र यात धरू नये. सत्तर फोनवर सेकंदाला दीड मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे १०५ मेगाबिट. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर वर्गातलं एक यंत्र खऱ्या गर्दीत साठ-सत्तर देतं. प्रोजेक्टरवर एकच व्हिडिओ लावला तर तोच मजकूर पाच मेगाबिटमध्ये सगळ्यांना दिसतो, आणि मध्ये थांबवून प्रश्नही विचारता येतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. कॅनडातल्या एका प्रयोगात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर दुसरंही काहीतरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना चाचणीत ११ टक्के कमी गुण मिळाले. पण जे विद्यार्थी वहीत लिहीत होते आणि ज्यांच्या नजरेसमोर दुसऱ्याचा असा पडदा होता, त्यांचे गुण १७ टक्क्यांनी घसरले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. "ज्याला शिकायचं नाही तो त्याचं नुकसान करून घेईल" हा युक्तिवाद इथे मोडतो. शेजाऱ्याच्या पडद्याची किंमत पुस्तक उघडून बसलेली मुलगी मोजते. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या एकाच अभ्यासक्रमाच्या काही तुकड्यांना संगणक वापरू दिले आणि काहींना नाही. परवानगी असलेल्या तुकड्यांचे परीक्षेचे गुण प्रमाणित विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप) ०.१८ एवढे खाली राहिले. ज्यांना टॅबलेट फक्त सपाट, सगळ्यांना दिसेल असा ठेवायची मुभा होती, त्यांचंही फारसं वेगळं झालं नाही. तिथली शिस्त लक्षात घेतली तर हा निकाल अधिकच बोलका आहे. शिकागो विद्यापीठाच्या कायदा विद्याशाखेने २००८ मध्ये आपल्या बहुतेक वर्गखोल्यांतलं इंटरनेट बंदच केलं होतं.

हाताने लिहिलेल्या टिपणांचं एवढ्या खात्रीने सांगता येत नाही. हाताने लिहिणाऱ्यांना विषय जास्त समजतो, असं २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं. २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा टंकणारे शब्दशः जास्त उतरवतात एवढं पुन्हा दिसलं, गुणांतला फरक मात्र ठामपणे दिसला नाही. म्हणून "वही विरुद्ध लॅपटॉप" या भांडणात मला रस नाही. प्रश्न पडद्यावर त्या क्षणी काय उघडं आहे याचा आहे.

मग वायफाय बंदच ठेवावं का? त्याने वर्गातलं इंटरनेट बंद होत नाही. ज्याच्याकडे पॅक आहे तो रील पाहतच राहतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याचाच अभ्यासाचा रस्ता बंद होतो. तोटा तेवढाच राहिला, फायदा मात्र गेला. म्हणून वर्गातलं वायफाय ट्यूबलाइटसारखं त्या खोलीतल्या बटणावर चालावं, आणि बटण तास घेणाऱ्याच्या हाती असावं. व्याख्यान चालू असताना ते बंद आणि फोन दप्तरात. काम दिलं की वीस मिनिटं चालू. काम संपलं की पुन्हा बंद.

हे करता येतं, आणि त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक खोलीच्या यंत्राचा कंट्रोलरमध्ये (सगळी यंत्रं एका जागेवरून चालवणाऱ्या व्यवस्थेत) वेगळा गट करावा. विद्यार्थ्यांच्या नेटवर्कचं नाव त्या गटावर मूळ स्थितीत बंद ठेवावं. शिक्षकांना स्टाफ लॉगिनने एक साधं पान द्यावं, ज्यावर खोली निवडायची आणि वीस, चाळीस किंवा साठ मिनिटं. वेळ संपली की नाव आपोआप उतरावं, कारण बंद करायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही. ग्रंथालय, वाचनालय आणि कट्टा यांवर हे बंधन अजिबात नको, तिथे दिवसभर चालू राहू द्यावं.

याऐवजी बरीच महाविद्यालयं काही निवडक साइटच चालतील असा नियम करतात. तो सहसा फसतो. स्वयमची व्याख्यानं यूट्यूबवरून येतात, यूट्यूब बंद केलं की स्वयमही बंद. फॉर्म उघडायचा तर लॉगिनचं पान वेगळ्या पत्त्यावर, त्यातली चित्रं तिसऱ्या पत्त्यावर. शिक्षकाचा तास यादी दुरुस्त करण्यात जातो, आणि मुलांना असा नियम चुकवणारं व्हीपीएनचं ॲप टाकायला दोन मिनिटं लागतात.

पासवर्डचा विषय महाराष्ट्राने हलका घेऊ नये. जुलै २००८ मधल्या अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमधला आणखी एक मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून. त्यानंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नेटवर्कच्या वापराच्या नोंदी (लॉग) १८० दिवस ठेवाव्या लागतात. फळ्यावर लिहिलेल्या एकाच पासवर्डने या नोंदींना काही अर्थ उरत नाही, कारण कोण कोण जोडलं गेलं ते कळतच नाही.

प्रत्येकाला आपापलं लॉगिन, म्हणजे एंटरप्राइज पद्धत, हाच उपाय. तिची अडचणही आधीच सांगून ठेवतो. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून सर्व्हरचं प्रमाणपत्र (तो खरा असल्याची डिजिटल ओळख) न तपासता जोडण्याचा पर्याय निघू लागला. त्यामुळे सर्व्हरचं खरं प्रमाणपत्र आणि त्याचं डोमेन नाव नसेल तर नवे फोन जोडलेच जात नाहीत. प्रवेशाच्या आठवड्यात एक टेबल लावून मुलांचे फोन जोडून द्यावेत. फोनच्या मॅक पत्त्यावर (फोनमधल्या वायफायचा स्वतःचा क्रमांक) ओळख बांधण्याचा जुना मार्ग तर आता चालतच नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःच खोटा पत्ता देतो.

पत्त्यांचाच आणखी एक घोळ. जोडलेल्या प्रत्येक फोनला नेटवर्क एक आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतं. अशा २५४ पत्त्यांचीच जागा आणि चोवीस तासांची मुदत ठेवलेली असली की सकाळच्या सत्रातल्या मुलांचे फोनच सगळे पत्ते घेऊन घरी जातात. दुपारी येणाऱ्यांना रेंज पूर्ण दिसते, नेट मिळत नाही. २,०४६ पत्त्यांची जागा आणि एक-दोन तासांची मुदत ठेवली की हे मिटतं.

शेवटची गोष्ट बाहेरच्या लाइनशिवाय चालणाऱ्या नेटवर्कची, आणि लहान महाविद्यालयांनी खरं तर सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं. साध्या डेस्कटॉपवर मूडल (अभ्याससाहित्य आणि चाचण्या ठेवायचं मोफत सॉफ्टवेअर) बसवावं, किविक्सवर (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) मराठी विकिपीडिया उतरवून ठेवावा, शिक्षकांची टिपणं आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्यात टाकाव्यात. पाच मेगाबाइटची पीडीएफ सत्तर मुलांनी एकदम उतरवली तर साठ मेगाबिटच्या हवेत पाऊण मिनिट लागतं, आणि बाहेरची लाइन तुटलेली असली तरी चालतं. त्यात रील नाही, मेसेज नाही, ब्लॉक करायची यादी नाही. मात्र सॉफ्टवेअर अशा पद्धतीने वाटायला जाऊ नये. ५०० मेगाबाइटचं पॅकेज सत्तर जणांना म्हणजे ३५ जीबी, त्याच हवेत सुमारे ७८ मिनिटं. त्यासाठी केबलने जोडलेली प्रयोगशाळा किंवा आदल्या दिवशी फिरवलेले पाच-सहा पेन ड्राइव्ह बरे.

आणि हे सगळं सांभाळायला एक माणूस नेमावा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅककडून आयटी सुविधा आणि बँडविड्थ (लाइनची क्षमता) विचारली जाते, म्हणून लाइन मोठी घेतली जाते. पण वेळापत्रक बदललं की खोल्यांचे गट बदलणं, पास झालेल्या मुलांची लॉगिन काढणं, उन्हाळ्याच्या सुट्टीत उंदरांनी कुरतडलेल्या केबल शोधणं, ही कामं कुणाच्याच नावावर नसतात. लाइनचा वेग वाढवण्याआधी या कामांवर एक नाव लिहावं, आणि त्या माणसाला आठवड्यातले ठरावीक तास त्यासाठी मोकळे द्यावेत.